उद्घाटनाची कात्री
बँका ज्या लहान दुकानदारांना दारातूनच परत पाठवतात, त्यांना अमेरिकेतल्या डाकोटातली आमची ना-नफा संस्था कर्ज देते. संस्थेची प्रमुख म्हणून प्रत्येक उद्घाटनाला तीन फुटी सोनेरी कात्री मीच नेते. या कात्रीने आजवर काहीही कापलेलं नाही. व्हर्ननच्या बेकरीची फीतही शेवटी त्याच्या बायकोने, लोर्नाने, दातांनी तोडली आणि अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षांनी, लोर्नाला पुरल्यानंतरच्या आठवड्यात, व्हर्ननचा फोन आला. "दुकान बंद करतोय. कात्री घेऊन ये." मी कात्रीबरोबर कर्जाच्या मुदतवाढीचे कागदही नेले. "आणखी दोन वर्षं देते, व्हर्नन." "ती लोर्नाला द्यायची होतीस," तो म्हणाला आणि त्याने गल्ल्यातून त्याच फितीचे दोन तुकडे काढले. "गाठ मारून पुन्हा दाराला बांधू. उघडायच्या आधी होती तशी." मी टोकं जुळवली. एकावर लोर्नाच्या लिपस्टिकचा डाग होता. गाठ मारली की तो आत जाणार होता. "थांब," म्हणत त्याने तेवढं टोक पाव कापायच्या सुरीने कापलं आणि खिशात घातलं. मग फीत दाराला पुरेना. दोघांनी जोर लावून ओढून पाहिली. शेवटी दोन तुकड्यांच्या मध्ये मी कात्री बांधली. ती आ वासून बंद दारावर लटकली. आयुष्यात पहिल्यांदाच कामाला आली. "आता पुढच्या उद्घाटनाला काय नेशील?" व्हर्ननने विचारलं. "दात आहेत की." तो हसला. मग पाठ फिरवून बराच वेळ कुलूप लावत राहिला.