चारशे बारा बैठका

“डिस्कचं नाव वाचल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. दोनदा वाच, मग दाब.”

नवऱ्याचं एवढंच सांगणं तिच्या कानात पक्कं बसलं होतं. जोडाजोडीचं बाकी सगळं तोच बघायचा. आता आज्ञा टाइप करूनच चालणाऱ्या त्याच्या युनिक्स संगणकासमोर ती सकाळपासून नुसती बसून होती.

टेबलावर दोन काळ्या हार्ड डिस्क, जुळ्या बहिणींसारख्या. एकीत घरचे फोटो, दुसरीत त्याची रेकॉर्डिंग्ज. तो समुपदेशक होता. याच खोलीत दार लावून लोकांशी बोलायचा आणि ते बोलणं साठवून ठेवायचा. त्याचा आवाज आता तेवढ्यातच उरला होता. फोटोतला माणूस काही बोलत नाही.

त्या रेकॉर्डिंगच्या डिस्कबद्दल तिने त्याला फार पूर्वी शब्द दिला होता, दवाखान्यात पुन्हा एकदा. तो जाऊन तीन महिने उलटले तरी हात धजत नव्हता.

शेवटी तिने धाकट्या दिराला फोन लावला.

“वायर लावली. दिवाही लागलाय. पडद्यावर मात्र काही म्हणजे काही नाही.”

“नसणारच, वहिनी. हे यंत्र दादासारखंच आहे, विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. डिस्कची यादी मागवा.” त्याने एकेक अक्षर सांगितलं.

“एसडीए आहे. खाली एसडीबी, त्याच्या पोटात एसडीबी-एक.”

“एसडीए संगणकाची स्वतःची, तिच्या वाटेला जाऊ नका. एसडीबी-एक माउंट करा, म्हणजे ती उघडेल.”

तिने केलं. “परवानगी नाही म्हणतंय.” “माझ्याच घरात मला परवानगी नाही, भाऊजी.”

“आधी सुडो लिहा, म्हणजे मालकाचा हुकूम समजून ऐकेल. दादा म्हणायचा, घरात बायकोचं चालतं, इथे सुडोचं.”

डिस्क उघडली. ती फोटोंची निघाली.

“आता नुसती उपटू नका. अनमाउंट करून काढा.”

पुन्हा तेच सगळं, पहिल्यापासून. दुसरी डिस्क उघडली तेव्हा आत नुसत्या तारखा होत्या, एकाखाली एक.

“किती आहेत?”

“चारशे बारा.”

“एखादं लावा ना.”

तिने पहिलंच लावलं. “या, बसा निवांत,” नवऱ्याचा आवाज म्हणाला. तिने लगेच थांबवलं.

“सापडला एकदाचा दादा,” दीर घोगऱ्या आवाजात म्हणाला. “संध्याकाळी येतो. मिळून ऐकू.”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने आवाज पुन्हा सुरू केला.

“मोकळेपणी बोला,” तो समोरच्या कुणाला तरी सांगत होता. “तुमचा शब्द या खोलीबाहेर जाणार नाही. उद्या मी नसलो तरी बायको आहे. ती सगळं पुसून टाकेल, न ऐकता. शब्दाची पक्की आहे ती.”

पलीकडचं माणूस बोलायला लागायच्या आत तिने आवाज बंद केला. डिस्क अनमाउंट केली, आणि ती कोरी करण्यासाठी त्याने दवाखान्यात कागदावर लिहून दिलेली आज्ञा एकेक अक्षर जपून टाइप करू लागली.