पाय ब्रेकवरच होता

गोरेगावच्या बाजारात साहेबांची नवी हायब्रीड मोटार माणसाच्या चालीने सरकत होती. खड्ड्यापाशी चालक दुधरामने ब्रेक दाबला. पण चाक आदळताच ब्रेक पायाखाली क्षणभर पोकळ झाला आणि पुढे निसटलेल्या मोटारीखाली, रस्त्याकडेला विकायला बसलेल्या शांतीबाईची शिंगाड्यांची टोपली चिरडली. "म्हातारा झालास, पाय घसरला," साहेब सर्वांसमोर कडाडले. "उद्यापासून येऊ नकोस." "तीस वर्षं एसटी चालवली जी! कवापासून सांगून राहिलो, ब्रेक दाबला का हिची बॅटरी भरते, अन् तवाच खड्डा आला का ब्रेक सुटते!" दुधराम अपमानाने उसळून म्हणाला. चावी साहेबांना देऊन, टोपली उचलून तो तिच्याच जागी उभा राहिला. "मोटार मागे घ्या, तुम्हीच इथवर आणून थांबवून दाखवा." "मराचं हाय का, भाऊ?" शांतीबाई ओरडली. ईर्ष्येला पेटलेल्या साहेबांनी मोटार आणली, खड्ड्यापाशी ब्रेक दाबला. ती निसटून दुधरामच्या गुडघ्यांना टेकली. चिरडलेली टोपली बॉनेटवर ठेवून त्याने विचारले, "तुमचाही पाय घसरला का जी?"