रोदेलची दोनशे पेसोंची मर्यादा

"आजची मर्यादा संपली." फोनवर पुन्हा तेच आलं.

रोदेल खाटेवर उठून बसला. दुपारची झोप अजून डोळ्यांवर होती. आज तर त्याने खेळ उघडलाच नव्हता. की उघडला होता?

"लुदी, मी आज खेळलो का गं?"

"जेवण झाल्यावर खेळलास की," बायको चुलीजवळून म्हणाली. "दोनशे पेसो उडवलेस आणि आडवा झालास. परवाही असंच विचारत होतास."

त्याला ताटातला तळलेला मासा आठवत होता. लुदीने त्याच्या आखडलेल्या बोटांना खोबरेल चोळलं, तेही आठवत होतं. मधलं तेवढं कुठे जात होतं कोण जाणे.

तीन सेकंदांत एक डाव, असा तो पैसे लावायचा खेळ. मागे एकदा भात शिजेपर्यंत त्याने आठवड्याची कमाई घालवली होती. तेव्हा लुदीनेच हट्ट धरून रोजची मर्यादा घालायला लावली. तो अर्धा तास फोन चाचपडत बसला होता. तिने चुटकीसरशी करून दिलं. दोनशे संपले की दुसऱ्या दिवसापर्यंत खेळ बंद. महिनाभर ठीक चाललं, आणि मग हे विसरणं सुरू झालं.

रोदेलचा बाप असाच विसरत गेला होता. शेवटी एक दिवस रोजच्याच वाटेवर त्याने माणसांनी भरलेली होडी खडकावर घातली.

रोदेल तसाच उठून गिमारास बेटाच्या धक्क्यावर गेला आणि त्याने आपल्या होडीची किल्ली धाकट्या भावाच्या हातात ठेवली.

"हे काय, कुया?" बोयेट थोरल्या भावाकडे बघून चक्रावला. "डोळे बांधले तरी उतारूंना पलीकडे इलोइलोला पोचवशील तू."

"पोचवीन रे. पण पोचवलं की नाही, ते आठवायला नको?"

बोयेट हसला. रोदेल हसला नाही.

घरी येऊन त्याने लुदीला सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली.

"तो खेळही काढून टाकतो," तो म्हणाला.

"राहू दे. मर्यादा आहे ना? होडी गेली, आता तेवढाच तुझा विरंगुळा."

दुसऱ्या दिवशी जेवून तो आडवा झाला. लुदी खोबरेल घेऊन उशाशी बसली आणि एकेक बोट चोळू लागली. लग्नाला बावीस वर्षं झाली, यात तिने कधी खाडा केला नव्हता.

"तू आहेस म्हणून बरं," तो पुटपुटला आणि घोरू लागला.

लुदीचे डोळे भरून आले. तिने त्याचा अंगठा फडक्याने कोरडा पुसला. तेलकट अंगठ्याने त्याचा फोन उघडत नसे. तिची स्वतःची दोनशेंची मर्यादा सकाळीच संपली होती.