वीसहाती कासरा

"धाड गावच्या मोतीरामचा धावण्याचा विक्रम धरता येणार नाही," नागपूरहून आलेले निरीक्षक म्हणाले. "बैलाच्या कासऱ्यानं आखलेली धावपट्टी चारशे मीटर भरेलच कशी?" बुलढाण्याच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक इंद्रभान सर तडकले. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी दगड वेचून हे मैदान त्यांनीच केलं. टेप मिळेना, म्हणून घरचा वीसहाती कासरा वापरला. "मोजा न मंग! वीतभर कमी भरली त आजच नोकरी सोडली समजा!" टेप फिरली. निरीक्षकांनी आकडा पाहून पुन्हा मोजलं. चारशे सहा! बैलांनी ओढून ओढून कासरा लांबवला होता, हे सरांनाही ठाऊक नव्हतं. निरीक्षकांनी विक्रमावर सही केली. "पण हे जादा सहा मीटर कमी करा." सरांनी दाखवायला आणलेला तो कासरा गुंडाळून खांद्यावर टाकला. "काऊन करू, साहेब? तुमच्या नागपुरात धावताना आमच्या पोरायले मैदान आखूड वाटलं पाहिजे."