हातगुण

“माझा हात नको,” परशराम म्हणाला आणि त्यानं उजवा हात पाठीमागं नेला.

ज्योतिबा मोठ्यानं हसला. “साहेब व्हायच्या आधीच मिजास आली व्हय रं? पोरीचा हात चांगला धुऊन आणलाय.”

दसऱ्याची सकाळ होती. उचगावची शाळा मारुतीच्या देवळातच भरे, आणि पाटीपूजनही तिथंच होई. ताटात तांदूळ पसरले होते, बाजूला समई तेवत होती. गावाची रीत अशी, की मूल पहिलं अक्षर ह्या तांदळांत काढतं आणि त्याचं बोट धरणारा माणूस हातगुणाचा लागतो. ज्याची विद्या फळली, त्याचाच हात. आजवर तो मान चिंतामणी मास्तरांचा होता. यंदा मास्तरच म्हणाले होते, “मी नको. परशराम पुण्याहून आलाय. त्याचा हात लागू दे.”

कॉलेजात गेलेला गावातला तो पहिलाच.

पुण्यात काय चाललंय ते इथं कुणाला ठाऊक नव्हतं. आषाढात तापानं त्याला अंथरुणाला खिळवलं आणि गणिताचे काही तास चुकले. बरा होऊन वर्गात गेला, तर फळ्यावरचं काहीच ओळखीचं वाटेना. प्रोफेसर इंग्रजीत भराभर बोलत होते, पोरं माना डोलवत होती. विचारायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तो गेलाच नाही, आणि मग न गेल्याची लाज वाटू लागली. तेव्हापासून तो कॉलेजच्या वेळेला नदीकाठी बसून राही आणि तास सुटले की बाकीच्यांबरोबर खोलीवर परते. टर्म बुडाली होती.

ज्योतिबाची मालू ताटासमोर मांडी घालून बसली आणि तिनं बोट पुढं केलं. सगळे बघत होते. परशरामनं ते चिमुकलं बोट धरलं आणि तांदळांत टेकवलं. रेघ वाकडी गेली. चार दाणे ताटाबाहेर उडाले.

“आप्पा, ह्येच्या हातात जोरच न्हाय,” मालू म्हणाली.

“उपाशी असंल,” ज्योतिबा म्हणाला. “नागुआक्का, पोराला खायाला घालतीस का न्हाय?”

परशरामची आई, नागुबाई, खांबाला टेकून उभी होती. ती हसली. “घालतेय की. पर खातोय कुठं? आल्यापास्नं गप-गपच हाय. सारकं डोक्यात अब्यास.”

“असू दे, असू दे,” ज्योतिबा म्हणाला. मग त्याचा आवाज जरा खाली आला. “माझं बोट कुणी धरलं न्हाय, परशा. जलमभर अंगठा उठवत आलो. हिचं तसं नगं व्हाया.”

परशरामनं मालूचं बोट सोडलं.

“ज्योतिबाण्णा, माझी टर्म बुडालीय. श्रावणापासनं मी वर्गात गेलोच न्हाय. माझ्या हातात काय गुण न्हाय.”

नागुबाई खाली बसली आणि सांडलेले तांदूळ एकेक करून वेचू लागली. तिनं वर पाहिलं नाही.

“दर शनवारी तुझ्या नावानं हितं तेल घालतेय मी,” ती तांदळांनाच सांगावं तशी म्हणाली.

परशरामची मान आणखी खाली गेली.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सारला. ते रागावले नव्हते. पाढा म्हणता म्हणता पोर अडलं की विचारायचे, तसंच त्यांनी विचारलं, “कुठवर समजलं होतं?”

इतक्या दिवसांत परशरामनं स्वतःलाही हे विचारलं नव्हतं.

“थोडंच, मास्तर.”

“तुमचं कॉलेजातलं गणित मला येत नाही. पण थोडं म्हणजे किती, ते तू मला समजावून सांगशील. उद्या सकाळी पाटी घेऊन ये.”

मालू कंटाळली होती. तिनं दोन्ही हातांनी ताट धरून हलवलं. वाकडी रेघ गेली, तांदूळ सारखे झाले. तिनं पुन्हा बोट पुढं केलं.

“धर की. माझं ऱ्हायलंय.”

परशरामनं ज्योतिबाकडं पाहिलं. ज्योतिबा वाकला, त्यानं समई उचलली आणि ताटाच्या आणखी जवळ आणून ठेवली.