नव्या भाताचं वजन

सरफराज सर काट्यावर चढले आणि काटा पुढे गेला तो मागे यायला तयार होईना.

वडशाच्या त्या कबड्डी स्पर्धेत वजनगट पंचावन्न किलोचा होता. राईस मिलमधून आणलेल्या, धानाची पोती जोखायच्या काट्यावर एकेक खेळाडू चड्डीवर उभा राहत होता. पोंभुर्ण्याकडून आलेल्या संघातले बाकी सगळे पार झाले. अडकले ते कप्तानच. तिकडच्याच गावच्या शाळेत गणित शिकवणारे, विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, एम.एस्सी.ला पहिले आलेले सर, आणि अर्धा किलो जास्त!

"सर, मी त म्हनलो होतो, उपाशी राहा म्हनून," त्यांचा जुना विद्यार्थी आणि आता संघातला जोडीदार प्रफुल कळवळून म्हणाला.

उपाशी राहणार कसे? गावात मळणी उरकली होती. नव्या तांदळाचा पहिला भात शिजला की घरोघरून सरांना बोलावणं. त्या भाताला नाही म्हणायचं म्हणजे त्या घराच्या पिकाला नावं ठेवायची. सर महिनाभर दारोदार जेवत होते. आग्रह करणारे परके कुणी नव्हते, सगळी संघाचीच घरं. ज्यांनी जिंकायला आणलं, त्यांनीच वाढून वाढून घात केला होता.

वजन उतरवायला अकरापर्यंत मुदत होती. सर दोन स्वेटर चढवून मैदानाभोवती पळाले. ट्रक भरून आलेलं गावही उगाच मागे पळालं. न्हाव्याने डोक्याचा गोटा केला. वडसा सरांचं स्वतःचं गाव. इथल्याच गल्लीत ते कबड्डी शिकले, पण इथला चषक कधी हाताला लागला नव्हता. गुडघा आता पुढच्या वर्षाचा भरवसा देत नव्हता. आज खेळले तर खेळले.

पुन्हा काटा. पुन्हा जास्तच, फक्त आधीपेक्षा थोडं कमी.

काट्यावरचा खुशाल सरांचा बालमित्र. तो खाली वाकला. "सरफराजभाऊ, फळीले खालून हात लावून देऊ का? कोनाले दिसते?"

संघाचे कारभारी गुणवंतराव लगेच आभाळाकडे बघायला लागले. सरांच्या मनात आलं, लाव. खरंच आलं. मैदानावर आखलेल्या पांढऱ्या रेषा दिसत होत्या. मग त्यांना दोरीला रेलून उभी असलेली शाळेतली पोरं दिसली. ती काट्याकडेच टक लावून बघत होती.

"राहू दे, खुशाल," सर खाली उतरले. "सोमवारी ह्या पोरायले वजन-मापंच शिकवाची हायेत."

खुशाल हसला. सरही हसले, पण जर्सी प्रफुलच्या हातात देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता तू कप्तान."

गुणवंतराव मान खाली घालून म्हणाले, "आमीच बुडवलं जी तुमाले."

"बुडवलं काऊन, भाऊ? पोसलं म्हना."

वजनं आटोपली की खेळाडू जेवायला बसतात. सगळे मांडवात रांगेने बसले. गुणवंतरावांच्या पत्नी इंदुताई सकाळपासून भाताचं पातेलं पदराआड लपवून होत्या, सरांच्या नजरेला पडायला नको म्हणून. आता त्या भीत भीत पुढे आल्या.

"वजन झालं नं जी? मंग आता त जेवता नं?"

आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी सवयीने पहिला भात सरांच्या ताटात वाढला. नव्या भाताचा वास सरांच्या नाकात शिरला. त्यांनी ताट शेजारी बसलेल्या प्रफुलपुढे सरकवलं.

"पयले कप्तानले वाढा, इंदुताई. मंग मले," सर म्हणाले. "अन् आता हात आखडू नका."