गोठ्याचं दार

तिसरा खड्डाही रिकामाच निघाला. जमिनीच्या दाव्याची चौकशी करायला आलेल्या दुमा साहेबांनी पहार जमिनीत रोवली आणि कपाळ पुसलं.

"आजी, कागद नाही, भिंत नाही. घर इथंच होतं याची एक तरी खूण हवी. नाहीतर यांची जमीन यांना परत द्या, असं मी सरकारला कोणत्या तोंडानं सांगू?"

सदतीस वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या सरकारनं सगळ्यांना ट्रकमध्ये घालून नेलं होतं आणि मागे घरांवर ट्रॅक्टर फिरवला होता. आता उतारावर नुसतं गवत होतं.

"पेव आहे म्हटलं ना," थोलाकेले म्हणाली. ती या घरची लेक. "गुरांच्या गोठ्यात, त्या गोल कुंपणाच्या आत बाबांनी खणलेलं. मका काढायला मी स्वतः उतरायची."

"उतरायच्या, वन्सं. पण काम चुकवायला," तिची भावजय मान्गुबाने हळूच म्हणाली.

"मग तू दाखव की, शहाणे."

मान्गुबाने उठली. काठी टेकत सरळ निघाली, मध्येच उजवीकडे वळली आणि मोकळ्या गवतातून भलामोठा वळसा घालून पलीकडे जाऊन थांबली.

"मी टोपली घेऊन इथं उभी असायची. साहेब, त्या टेकडीकडे तोंड करा. आठ पावलं आत जा."

साहेब गेले. पहार खणकन वाजली. माती सारली तसा सपाट दगड दिसला, कडेनं शेणाचा लिंपलेला थर अजून टणक. दगड सरकवल्यावर आतून कोंदट, आंबूस वास आला. थोलाकेले गुडघे टेकून तो वास घेतच राहिली, मग हसायला लागली.

"आजी, या ना बघायला," साहेबांनी हाक मारली.

मान्गुबाने जागची हलली नाही. "गोठा आहे तो. मी सून या घरची, सुनेनं गोठ्यात पाऊल टाकायचं नसतं. आत कशी येऊ?"

"अगं, कुंपण तरी उरलंय का? दात पडले तुझे, ये आता," थोलाकेले म्हणाली.

"मामंजींनी मुभा दिली नव्हती, वन्सं."

साहेबांनी गवताकडे पाहिलं. म्हातारी जिथून वळसा घालून गेली होती तिथं, जुन्या कुंपणाच्या कडेनं, गवत अर्धगोल दबलं होतं. त्यांनी वहीत तो गोल पूर्ण काढला, पहार उचलली आणि निघाले. दोन पावलांवर थबकले.

"आजी, दार कुठल्या बाजूला होतं?"

तिनं काठीनं दाखवलं.

साहेब मागे फिरले आणि त्या दारातून बाहेर आले.